सॅम्पल दाखवा, मग बघू

ठाण्यात ग्राफिक डिझाईनचा स्टुडिओ चालवणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्याला तोंडपाठ असतं: "दादा, दोन-तीन सॅम्पल टाका ना व्हॉट्सॲपला. आवडलं तर लगेच फायनल करू." म्हणणारा माणूस वाईट नसतो. घोडबंदर रोडला नवं क्लिनिक थाटणारा डॉक्टर असतो, वाशीच्या मार्केटमध्ये गाळा असलेला आणि आता स्वतःच्या नावाने मसाले पॅक करायला निघालेला व्यापारी असतो, नौपाड्यात क्लास चालवणाऱ्या बाई असतात. कुणाला फसवायचं नसतं. डिझाईन असंच घ्यायचं असतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. माझं म्हणणं असं की ही समजूत आम्हा डिझायनरांपेक्षा त्यांनाच जास्त महाग पडते. आणि ती मोडायची सुरुवात दुकानदाराने करायची नाही, जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनी करायची, कारण ती पक्की करण्यात त्यांचा हात मोठा आहे.

"साडीच्या दुकानात गादीवर वीस साड्या उलगडून दाखवतात, त्याचे कुणी पैसे घेतं का?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारलाय आणि तो चुकीचा म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. आमचे व्यवसायबंधू यावर डॉक्टर आणि वकिलाच्या फीचे दाखले देतात, ते कुणालाच पटत नाहीत. साडीचाच दाखला पुढे नेऊ. गिऱ्हाईक उठून गेलं की दुकानदार त्या वीस साड्यांची घडी घालतो आणि संध्याकाळी त्यातलीच एखादी दुसऱ्या बाईंना विकतो. 'संजीवनी क्लिनिक' या नावासाठी, त्या डॉक्टरच्या त्या गल्लीसाठी, त्याच्या पेशंटांसाठी विचार करून काढलेलं चिन्ह परत घडी घालून ठेवता येत नाही. ते दुसऱ्याला विकता येत असेल, तर ते त्या डॉक्टरसाठी काढलेलंच नव्हतं. फुकट सॅम्पलमधून नेमका असाच माल येतो, कुणालाही चालेल असा.

या सवयीचं मूळ छापखान्यात आहे. वागळे इस्टेटमधल्या ऑफसेटवाल्यांपासून स्टेशनजवळच्या डिजिटल प्रिंटवाल्यांपर्यंत सगळीकडे एकच रीत: मॅटर द्या, डिझाईन आपल्याकडेच होईल. लग्नपत्रिका, बिलबुक, व्हिजिटिंग कार्ड, सगळ्याचा भाव छपाईचा. फ्लेक्सचा भाव चौरस फुटावर, डिझाईन त्यातच धरलेलं. ऑपरेटर कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असतो, गिऱ्हाईक शेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून स्क्रीनला बोट लावतं: "हे नाव जरा लाल करा. साहेबांचा फोटो मोठा घ्या. खाली ते तिघांचे छोटे." गणपतीत आणि निवडणुकीत हा ऑपरेटर रात्र-रात्र जागून बॅनरमागून बॅनर काढतो, आणि त्याचा हात बघण्यासारखा असतो. वाढदिवसाच्या बॅनरला ही पद्धत एकदम बरोबर आहे. बॅनर चार दिवसांत उतरणार असतो. पण ज्या नावावर माणूस पुढची वीस वर्षं धंदा करणार, तेही त्याच स्टुलावर बसून ठरतं, तिथे गडबड होते.

खरं तर या कामाचं रीतसर शिक्षण मुंबईत काही कालपरवा सुरू झालेलं नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ साली निघाला आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. पवईच्या आयआयटीतलं आयडीसी, म्हणजे तिथलं डिझाईन शिकवणारं केंद्र, १९६९ चं. इथून शिकून बाहेर पडलेली कितीतरी मुलं ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळला राहतात. पण बाजाराने त्यांना ज्या खणात टाकलंय तो छपाईचाच.

सॅम्पलमध्ये काय नसतं, ते एका उदाहरणाने सांगतो. शाळेचं बोधचिन्ह घ्या. मोबाईलवर पाठवलेल्या सॅम्पलमध्ये ते झकास दिसतं: उगवता सूर्य, पिवळ्यातून केशरीत विरघळत जाणारा, उघडं पुस्तक, त्यावर समई, खाली बारीक अक्षरात संस्थेचं नाव आणि स्थापनेचं वर्ष. विश्वस्त मंडळ खूश. मग जूनमध्ये गणवेशाच्या खिशावर भरतकाम करायची वेळ येते. खिशावर जागा जेमतेम अडीच इंच. विरघळणारा रंग दोऱ्याने भरता येत नाही, समईची वात गाठीसारखी दिसते, आणि स्थापनेच्या वर्षाचं सुईच्या टोकाएवढं अक्षर म्हणजे नुसता डाग. मुख्याध्यापकांचा रबरी शिक्का एकाच रंगाचा. त्यात सूर्य आणि पुस्तक मिळून काळा गोळा होतो. व्हॉट्सॲपच्या डीपीत गोल कापल्यावर संस्थेच्या नावाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर गायब. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, बसच्या अंगावर, प्रवेशाच्या कृष्णधवल जाहिरातीत, प्रत्येक ठिकाणी तेच चिन्ह वेगळं वागतं. बोधचिन्ह करणं म्हणजे ही सगळी ठिकाणं आधी बघून येणं, भरतकामवाल्याशी बोलणं, शिक्का मारून बघणं. चित्र काढणं त्यातला लहान भाग आहे. फुकटात करणाऱ्याला तो लहान भागच परवडतो.

त्यात आपलं मराठी. इलस्ट्रेटर किंवा फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांसाठीची सेटिंग चालू केलेली नसेल, तर 'शिक्षण' मधली वेलांटी 'श'च्या आधी न बसता नंतर जाऊन बसते आणि 'क्ष' फुटून पाय मोडलेला 'क' आणि 'ष' वेगवेगळे उभे राहतात. म्हणून बरेच ऑपरेटर अजून जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप करतात. छपाईला ते चालून जातं. तोच मजकूर उचलून वेबसाईटवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा काला होतो. राज्याने २०२२ मध्ये कायदा बदलून सगळ्याच दुकानांना मराठी पाटी बंधनकारक केली, मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत असंही सांगितलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिल्यावर मुंबईतल्या दुकानांची धावपळ उडाली. कायदा हवाच होता. पण इंग्रजी नावाचा डौलदार लोगो आणि त्याच्या डोक्यावर संगणकात पहिल्यांदा जो फॉन्ट उघडला त्यात ताणून बसवलेलं मराठी, अशा पाट्या आपण सगळे रोज बघतो. अक्षराची उंची कायदा सांगू शकतो, बाकीचं कुणीतरी बसून करायला लागतं.

मसाल्याच्या पाकिटाची गोष्ट याहून कडक. तिथे चूक झाली तर दिसायला वाईट एवढ्यावर भागत नाही. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, घटक पदार्थ उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, पॅकिंगची तारीख, तक्रारीसाठी पत्ता आणि फोन. आणि यातल्या काही अक्षरांची किमान उंचीसुद्धा नियमाने ठरलेली. छपाई रोटोवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून, असेल तर प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. सिलिंडर कोरून झाल्यावर वजनाचं अक्षर लहान पडलंय असं लक्षात आलं, तर तो सिलिंडर गेला आणि छापलेला रोलही गेला. बचत गटाच्या ताईंना हा फटका झेपत नाही. पण "तीन सॅम्पल द्या, एक निवडतो" या व्यवहारात पाकिटाची मागची बाजू कुणी बघतच नाही. निवड होते ती पुढच्या बाजूची, लाल की पिवळा एवढ्यावर.

नाकारलेल्या सॅम्पलांचं काय होतं? बऱ्याचदा ती मरत नाहीत. "घरच्यांना नाही आवडलं" असा निरोप येतो आणि काही महिन्यांनी तेच चिन्ह, त्यातलं झाडाचं पान थोडं इकडे आणि रंग थोडा तिकडे करून, दुकानावर लागलेलं दिसतं. आमच्या एका सॅम्पलचं असंच झालं. रिक्षात बसलेलो असताना ते मागून आलेल्या टेम्पोच्या काचेवर दिसलं. गिऱ्हाईकाने स्क्रीनशॉट एका स्वस्त ऑपरेटरला दिला होता, "असंच काढून दे" म्हणून. चोरी केली असं त्याच्या मनातही नव्हतं. फोनमध्ये आलं ते आपलं, असा सरळ हिशोब.

कायद्याचा हिशोब उलटा आहे, आणि तो धंदेवाल्यांनी स्वतःच्या सोयीसाठी तरी माहीत करून घ्यावा. १९५७ च्या कॉपीराईट कायद्याप्रमाणे पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं. बाहेरच्या डिझायनरने केलेल्या लोगोचा हक्क मात्र सहसा त्या डिझायनरकडेच राहतो. तो दुसऱ्याकडे जायला लेखी आणि सही केलेलं हस्तांतर लागतं. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणजे पूर्ण पैसे मोजलेला माणूससुद्धा कागद नीट नसेल तर अडचणीत येऊ शकतो. फुकट सॅम्पल उचललेल्याची तर गोष्टच सोडा. त्यात ते सॅम्पल करणाऱ्याने तयार चित्रं विकणाऱ्या स्टॉक साईटवरून घेतलेलं असलं तर तोच पानाचा आकार कोईमतूरच्या एखाद्या आयुर्वेदिक दुकानावरही असणार. ट्रेडमार्कच्या अर्जाला लहान उद्योगासाठी एका वर्गाला साडेचार हजार रुपये फी आहे. ती भरल्यावर हरकत आली की लोक आम्हाला फोन करतात.

उधारीवर वेगळं लिहावं लागेल, इथे एवढंच. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या लहान स्टुडिओचं बिल, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांपलीकडे थकवता येत नाही असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला की चक्रवाढ व्याज, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. पण सॅम्पलच्या व्यवहारात बिलच फाडलेलं नसतं. कायदा लागायचा कशाला?

आता सार्वजनिक संस्थांकडे येतो. महापालिका, सरकारी योजना, विद्यापीठं यांना बोधचिन्ह हवं असलं की स्पर्धा जाहीर होते. खुला प्रवेश, पहिल्या क्रमांकाला काही हजार आणि प्रमाणपत्र, आणि खाली बारीक अक्षरात एक अट: आलेल्या सर्व प्रवेशिकांचे हक्क आयोजकांकडे राहतील. म्हणजे जिंकलेल्याचंच नाही, हरलेल्या प्रत्येकाचं कामही त्यांचं. समजा दोनशे जणांनी प्रत्येकी दोन दिवस दिले, तर चारशे दिवसांची मेहनत झाली, आणि त्यातल्या एकशे नव्व्याण्णव जणांना रिकामे हात. दुकानदार तीन सॅम्पल फुकट मागतो, तेव्हा तो सरकारचंच बघून मागतो.

याच्या विरोधात जे बोललं जातं त्यात दम आहे. स्पर्धेमुळे कुणाच्या ओळखीशिवाय माणूस पुढे येतो, वशिला चालत नाही. रुपयाचं चिन्ह स्पर्धेतूनच आलं. स्वच्छ भारतचा गांधीजींच्या चष्म्याचा लोगो २०१४ मध्ये लोकांकडून आलेल्या प्रवेशिकांतून निवडला, तो कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचा. दिल्लीच्या बड्या एजन्सीला न देता कोल्हापूरच्या माणसाचं काम नोटेपर्यंत पोहोचलं, याचा मलाही अभिमान आहे. पण ही दोन्ही उदाहरणं जरा जवळून बघा. खासबारदार जाहिरातीच्या व्यवसायातलेच. रुपयाचं चिन्ह करणारे डी. उदयकुमार आयडीसीत अक्षररचनेवर पीएच.डी. करणारे. खुल्या दरवाजातून आत आले ते घडलेले लोकच. आणि रुपयाच्या स्पर्धेची रचना कुणी सांगत नाही. त्यात अंतिम फेरीला पाच जण निवडले होते, त्या प्रत्येकाला २५ हजार रुपये होते, त्यांनी परीक्षकांपुढे सादरीकरण केलं, आणि विजेत्याला अडीच लाख. जुलै २०१० मध्ये मंत्रिमंडळाने चिन्ह मंजूर केलं. पहिल्या फेरीला खुलं आमंत्रण, दुसऱ्या फेरीपासून मोबदला. देशातल्या सगळ्यात गाजलेल्या स्पर्धेने हे तेव्हाच करून दाखवलंय. मग एखाद्या महापालिकेच्या स्वच्छतादूताच्या बोधचिन्हाला ते का जमत नाही?

टेंडरची तऱ्हा आणखी निराळी. 'तांत्रिक सादरीकरण' या नावाखाली अख्ख्या मोहिमेची पोस्टरं, होर्डिंगं, व्हिडिओची पटकथा मागायची, ती सगळ्यांकडून घ्यायची, आणि शेवटी ज्याचा दर कमी त्याला काम. सर्वांत चांगली कल्पना एकाची, काम दुसऱ्याचं, असं होणारच. यावर उपाय नाही असंही नाही. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत सल्लागार निवडताना दर्जा आणि किंमत दोन्हींना गुण देण्याची पद्धत आहे. दर्जाला गुण द्यायचे तर झालेली कामं बघा, माणसं बघा, काम करायची रीत विचारा. त्यासाठी नवीन मोहीम फुकट करून घ्यायची काय गरज?

आर्किटेक्ट मंडळींना १९७२ चा कायदा आहे, परिषद आहे, स्पर्धा कशा घ्याव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आम्हाला यातलं काही नाही, आणि असावं असंही मला ठामपणे वाटत नाही. लायसन्स काढून चित्र काढायची वेळ नको. पण त्यामुळे आमच्यातलेच लोक एकमेकांचा भाव पाडतात हे खरं आहे. कॉलेजातून निघालेल्या पोराला कुणीतरी सांगतं, पहिलं काम फुकट कर, नाव होईल. नाव होतं ते फुकट करणारा म्हणून, आणि पुढचं गिऱ्हाईक त्याच भावाने येतं. जुने स्टुडिओही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. मोठा क्लायंट दिसला की तत्त्वं गुंडाळून तीन पर्याय, बांधीव फाईलमध्ये, स्वतः जाऊन देऊन येतात, आणि त्याचा खर्च पुढच्या लहान क्लायंटच्या बिलात घुसवतात. तो क्लिनिकवाला डॉक्टर असा कुणाकुणाच्या सॅम्पलचे पैसे भरतो हे त्याला कळतही नाही. शिवाय आम्ही दर उघड सांगत नाही, कागदावर काही लिहून देत नाही, 'बघू, करून टाकू' म्हणतो. मग समोरचा सावध होऊन आधी माल दाखवा म्हणाला, तर त्याचं तरी काय चुकलं?

आणि आता एआय आलं. परवा एक गृहस्थ स्वतःच पंधरा लोगो घेऊन आले, सगळे अर्ध्या तासात मशीनकडून काढलेले, त्यातले दोन दिसायला खरोखर बरे. त्यांचा प्रश्न होता, यातला कोणता घेऊ? मला हा प्रश्न फार आवडला. सॅम्पलला आजवर जी काही किंमत होती ती इथे संपली. पंधरा पर्याय मिळवणं आता कुणालाही शक्य आहे. त्यातला कोणता खिशावर भरता येईल, कोणत्यात नाव मराठीत बसेल, कोणता आधीच कुणाचा नोंदवलेला आहे, कोणता त्यांच्या गिऱ्हाईकाला दवाखान्याचा वाटेल आणि कोणता ब्युटी पार्लरचा, हे सांगणारा माणूस मात्र लागतो. त्यांच्याकडून मी त्या बैठकीचे पैसे घेतले. त्यांनी कुरकुर न करता दिले, कारण त्यांना कशाचे पैसे देतोय ते समोर दिसत होतं.

मग सॅम्पल नाही तर निवडायचं कसं? झालेली कामं बघा, आणि नुसती स्क्रीनवर नाही. ज्या दुकानाचं काम केलंय तिथे जाऊन पाटी बघा, पाकीट हातात घ्या. त्या दुकानदाराला विचारा, वेळेत दिलं का, छापताना अडचण आली का, फाईल दिली का. पहिला टप्पा लहान ठेवा आणि त्याचे पैसे द्या: एक भेट, एक दिशा, मान्य नसेल तर तिथेच नमस्कार. ही अट डिझायनरनेच आपल्या कोटेशनवर लिहावी, सोबत दुरुस्त्या किती, ओपन फाईल (पुढे बदल करता येणारी मूळ फाईल) मिळणार की नाही, हक्क कधी आणि कोणत्या मुदतीसाठी हस्तांतरित होणार, हेही. महापालिकांनी पुढची स्पर्धा काढताना दोन ओळी बदलाव्यात: अंतिम फेरीतल्या प्रत्येकाला मोबदला, आणि न निवडलेल्या प्रवेशिकांचे हक्क ज्याचे त्याच्याकडे. होर्डिंग छापायला जो खर्च होतो त्यापुढे ही रक्कम किरकोळ असते.

आणि पहिल्याच फोनवर "हो साहेब, उद्या सकाळी तीन पाठवतो" म्हणणारा कुणी भेटला, तर काम देण्याआधी त्याला एवढं जरूर विचारा की तुमचं दुकान न बघता ते तिन्ही तो एका रात्रीत आणणार कुठून.